गोरिसचा अपुरा पत्रा

४ एप्रिल १६४१, अँटवर्प
आज छापखान्यात कोरक्या म्हणून, छपाईची चित्रं तांब्यावर कोरायला, रुजू झालो. कालव्यापलीकडे घरही मिळालं. संध्याकाळी मी दिसताच माझी नऊ वर्षांची टानेके पातेल्याचं झाकण बडवत दारातून धावत आली. तिची आई गेल्यापासून माझं स्वागत असंच होतं.

छापखान्याची मालकीण डिग्ना हिने तिच्या दिवंगत वडिलांचा, गोरिसचा, तांब्याचा पत्रा हाती दिला. डोंगर, ओक, नदी असे कोरलेत की वारा ऐकू यावा. तलवार घेऊन घरी परतणारा बायबलमधला इफ्ताहही आहे. लढाई जिंकलो तर माझ्या दारातून पहिलं जे बाहेर येईल ते देवाला होमात देईन, असा नवस बोललेला हा बाप. पहिली आली ती त्याची मुलगी. तेवढं दार रिकामं आहे. ती मी कोरायची.

७ एप्रिल
डिग्ना म्हणाली, बाबांनी ती तीनदा कोरली, तीनदा खरवडली, म्हणून तर मी अजून तुमच्या डोक्यावर बसलेय. जेवताना मी म्हणालो, दुसऱ्याची मान देऊन नवस फेडतो तो भक्त नव्हे, भ्याड. ती म्हणाली, प्रवचनकार, सूप गार होतंय.

१२ एप्रिल
मुलगी कोरली. चेहरा कुणाचाच नव्हे, हातात डफ. पहिली प्रत काढली. कागदावर डफ नाही, पातेल्याचं झाकण आहे. चेहरा टानेकेचा.

१३ एप्रिल
नव्या प्रतीत इफ्ताह ओकांच्या अलीकडे आलाय. काल पलीकडे होता. डिग्नाने धारदार खरवडणी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, मुलीला खरवडा, आत्ताच, बाबांसारखं; त्यांच्या प्रतीत चेहरा माझा यायचा. मी म्हणालो, दर वेळी तीच का पुसली जावी? जायचं तर त्याने.
मागच्या दाराने घरी गेलो. टानेके रुसली.

१४ एप्रिल
त्याला खरवडला. मागून ठोकून पत्रा सपाट केला. डिग्ना म्हणाली, अहो, बापाची जागा रिकामी केलीत, आता तिथे कोण?
प्रत काढली. वाट मोकळी. मुलगी हसतेय. वाटेकडे नाही – कागदाबाहेर, माझ्याकडे.

सायंकाळ
घरी जाणार नाही. टानेकेला निरोप धाडलाय, बाहेर येऊ नकोस. कालव्याच्या अलीकडच्या काठावर बसून लिहितोय.

पुलावर आहे. उठलो कधी –

हातात खरवडणी. ती तर मेजावर ठेवून –

झाकण वाजतंय. टानेके, आतच –

कडी –