सातव्या मजल्यावरची भरती

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून द्रोणागिरीकर झालो! सातवा मजला, दोन खोल्या आणि हॉलच्या खिडकीतून खाडीचा एक पट्टा. समुद्र दिसतो म्हणूनच हे घर घेतलं. वैदेही पुण्याहून दोन दिवस येऊन सगळं लावून गेली. कणकेच्या डब्याआधी माझा कॉम्प्युटर लागला पाहिजे असा मी हट्ट धरला, तेव्हा म्हणाली की बाबा, तुम्ही रिटायर झालात की तिसरीत गेलात? दोन स्क्रीन, जॉयस्टिक, पायाखाली पेडल. चाळीस वर्षं जमिनीचे नकाशे काढले, आता घरबसल्या विमान उडवायचं.

पण उडालो आणि मूडच गेला. गेममध्ये उरणचा किनारा चक्क स्विमिंग पूलसारखा निळा. कात्रीने कापल्यासारखी जमीन संपते आणि निळं सुरू होतं. आपल्या खाडीला असं निळं कुणी पाहिलंय? ठरवलं, हे पाणी आपणच नीट करायचं. रीत सोपी आहे. गेममध्ये किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्याची एका काळ्या-पांढऱ्या चित्राची फाइल असते, ती बदलता येते. काळं म्हणजे खोल पाणी, पांढरं म्हणजे जमीन, करडं म्हणजे उथळ. करडा ब्रश जितक्या हलक्या हाताने फिरवाल, तितका खालचा चिखल खरा वाटतो. जन्मभर रेघा मारलेल्या हाताला हे काही जड नाही. ऑफिसात म्हणायचेच, दिनानाथची रेघ म्हणजे रेघ.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पांढरी ताटली घेऊन किनाऱ्यावर गेलो. ताटलीत पाणी घ्यायचं, मोबाइलवर फोटो काढायचा, घरी येऊन त्यातला रंग उचलायचा. बघणाऱ्यांना मी वेडा वाटलो असणार, पण खाडीचा खरा रंग असाच मिळतो. घरकामाला येणारी सगुणा इथल्याच जुन्या गावातली. तिने भरतीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेही भर दुपारी बाराच्या आसपास.

खिडकीखाली एक मोकळा प्लॉट आहे. भिंत, गेट आणि पत्र्याची केबिन. तिथे कृष्णात नावाचा वॉचमन आणि त्याची बायको राजाबाई राहतात. दोघं साताऱ्याकडची, पाटण तालुक्यातली. तो रात्रभर जागतो आणि दुपारी आतून कडी लावून झोपतो. राजाबाईंनी बळेच चहा पाजला. मेथीचा वाफा केलाय, पण उगवते आणि जळते म्हणाल्या. जमीन खारट असेल, असं त्याच म्हणाल्या. मी चहा चांगला झालाय म्हणालो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जमलं! दुपारी छोटं विमान घेऊन करंज्याच्या बाजूने खाली आलो. कडेला दूध कमी पडलेल्या चहाचा रंग, पुढे हिरवट, मग काळपट, आणि उन्हाकडच्या बाजूला चकाकी. स्वतःचीच पाठ थोपटली. चूक फक्त एक राहिली. खिडकीखालच्या प्लॉटवरही पाणी दिसत होतं. तो तर मी पांढरा ठेवला होता. फाइल उघडली तर तिथे करडा. हात घसरला असेल. पांढरा फिरवून टाकला.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा करडा. या वेळी त्याची कड मोठी करून पाहिली. बांधाखालच्या मोरीपाशी चोचीसारखी आत वळते, मग बांधाच्या कडेकडेने जाते. मोरीला अशी चोच मीच काढतो, दुसरं कुणी काढत नाही.

ही भरतीरेषा आहे. मोठ्या भरतीचं पाणी जिथवर येतं तिथे ही रेघ मारतात, आणि तिच्या आत, म्हणजे खाडीच्या बाजूला, बांधायला परवानगी मिळत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी ती मारली तेव्हा हा प्लॉट पूर्ण आत होता. साहेब म्हणाले, जरा खाडीकडे सरकवा. मी सरकवली. मूळ फाइल पुसली, नव्या नकाशावर सही केली आणि डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. भाजीसुद्धा आठवते याची लाज वाटते.

ती जुनी रेघ आता कुठल्याही कागदावर नाही. माझ्या डोक्याखेरीज कुठेच नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिल्या दिवशी खोटं लिहिलं. समुद्रासाठी नाही, हा प्लॉट दिसतो म्हणून हे घर घेतलं. वैदेहीला दुसरं आवडलं होतं, खारघरचं. मीच अडून बसलो.

भराव टाकल्यावर दुसऱ्याच वर्षी उधाणाचं पाणी आत शिरलं आणि पंढरी नावाचा वॉचमन केबिनमध्येच बुडून गेला. पेपरात चार ओळी आल्या, दारूच्या नशेत म्हणून. त्या वाचून मला हायसं वाटलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आज कृष्णातला सहज म्हणून विचारलं. पंढरी त्याचा सख्खा मामा निघाला. माळकरी माणूस, थेंबाला कधी शिवला न्हाई म्हणाला. आईला अजून गावात खाली मान घालून चालावं लागतं म्हणाला. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस शांत गेले. भांगाची भरती आहे, पाण्याला जोर नाही. प्लॉट पांढराच राहिला. सगळे मनाचे खेळ, असं स्वतःला समजावलं आणि दुपारी गाढ झोपलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला फाइलमध्ये करडा परत. लगेच पांढरा फिरवला. दहा मिनिटांत स्वयंपाकघरात सगुणा ओरडली. फरशीवर बोटभर पाणी, आणि पाण्यात चिखल. सिंकखाली बोटाएवढं काहीतरी उड्या मारत होतं. तिने ते चिमटीत उचललं. "ही निवटी हाय, काका. खाडीच्या चिखलाबिगर जगत नाय ही. सातव्या माल्यावर कशी आली?" मी पाइप तुंबला असेल म्हणालो. तिने पाणी जिभेला लावून पाहिलं आणि थुंकली. मग चप्पल घालून निघून गेली.

खालच्या जोशींच्या छताला एक थेंब नाही. विचारून आलो.

संध्याकाळी राजाबाई भेटल्या. केबिनच्या जमिनीला आठवडाभर ओल येत होती, ती आज एकदम वाळली म्हणाल्या. तुमचा पायगुण म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

करून पाहिलं. करायला नको होतं.

भरतीच्या वेळी करडा तसाच राहू दिला. माझं घर कोरडं ठणठणीत. खाली राजाबाई भांडी डोक्यावर घेऊन बाहेर आल्या, केबिनमध्ये घोट्यापर्यंत पाणी. पांढरा फिरवला. त्यांचं ओसरलं, माझ्या पायाला थंड लागलं.

पाणी येणारच आहे. तिथे नाही तर इथे. तिथून पुसलं की ते मी जिथे असेन तिथे येतं.

मग इथेच येऊ दे. केलेलं फेडतो. हे लिहिताना जरा बरंही वाटलं. भरती सरली की पाणी आपोआप जातं, फक्त वास राहतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गुडघाभर. करडा आता थांबत नाही, पांढऱ्यातून सारखा वर येतो. भरती असेतो ब्रश फिरवतच राहावं लागतं. कॉम्प्युटरला पाणी लागत नाही, मला लागतं.

ओहोटीला खाली गेलो. कृष्णातला सांगितलं की अमावास्या होईपर्यंत गावी जा, निदान केबिन सोडा. का, म्हणाला. मी म्हणालो, ओल आहे, तब्येतीला वाईट. तो हसला. आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतला नकाशा आणून माझ्यापुढे धरला. "प्लाटच्या सायबानं कागद दिलाय, काका. मामाचं झाल्यावर घाबरलो हुतो, तवा दावला. भरतीची रेघ पार पल्याड हाय. कागद काय खोटं बोलतुय व्हय?"

कोपऱ्यात माझी सही. दिनानाथ.

एवढंच म्हणायचं होतं की ही सही माझी. तीन शब्द. मग वैदेहीला कळेल, पोलीस येतील, सगळ्यांना कळेल. मी म्हणालो, नाही रे, कागद कशाला खोटं बोलेल.

असं म्हणालो मी. त्या दोघांच्या तोंडावर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मांडीपर्यंत. चपला तरंगतात. सगुणा आली नाही, फोनही घेत नाही.

वैदेहीचा फोन आला. आवाज असा का येतोय म्हणाली. सर्दी म्हणालो. सांगायला तोंड उघडलं होतं — ती म्हणाली, शाळेत मुलांना तुमच्या नकाशांबद्दल सांगितलं, बाबा. मग राहिलं.

उद्या सांगतो. कृष्णातला आधी, मग तिला.

२० नोव्हेंबर, गुरुवार. अमावास्या

कमरेच्या वर. टेबल पलंगावर चढवलं. मी उभ्याने ब्रश फिरवतो. पांढरा, पांढरा, पांढरा. अकरा वर्षांपूर्वी हेच केलं होतं. तीच रेघ पुन्हा खाडीकडे ढकलतोय, पुण्य म्हणून.

सांगितलं नाही. ओहोटीला खाली उतरलो, गेटपर्यंत गेलो. राजाबाईंनी लांबूनच हात केला. परत फिरलो.

उद्या प्रतिपदा. उधाण आजच्याहून मोठं. पावणेएक.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ११.३०. सुरू झालं. खिडकीतून दिसतंय, कृष्णात केबिनमध्ये गेला. कडी लावली असेल. झोपेल.

१२.०५. पोटापर्यंत. पलंगावर उभा आहे तरी. वही कोरडीच राहते, कशी कोण जाणे.

१२.२०. फोन लावला. त्याने उचलला, झोपेतच. बाहेर पडा म्हणालो. "आवं हितं कडक ऊन पडलंय, काका." तेव्हा म्हणायचं होतं. नकाशा माझा — माझ्या तोंडात खारट पाणी — नाही. पाणी नव्हतं तोंडात. गळ्यापर्यंतही नव्हतं. खोटं नको आता. मी घाबरून फोन ठेवला.

१२.३५. छातीच्या वर. दार आत उघडतं, पाणी ओढू देत नाही. स्क्रीनवर विमान उभंच्या उभं थांबलंय. खाली प्लॉट, केबिन. गेममध्ये माणसं नसतात. केबिनच्या छपरावर एक माणूस उभा आहे. गळ्यात माळ. वर बघतोय —

हात दुखतो. पांढरा. पांढरा —

हनुवटी —

१२.५०.

घर कोरडं आहे.

मी फक्त हात उचलला. काही केलं नाही. नुसता ब्रशवरून हात उचलला, श्वास घ्यायला. एक श्वास.

स्क्रीनवर तिथे सगळं करडं. चित्रात छान उतरलंय पाणी. अगदी खरं दिसतं.

खालून हाका येतायत. काका, म्हणून. राजाबाई. पत्र्यावर आतून मारल्याचा आवाजही.

दार आता उघडेल. सात मजले, लिफ्ट आहे, दोन मिनिटं. किंवा पांढरा फिरवायचा, तो तर इथूनही — हात जात नाही. मग ते इथे येईल.

उठतोय. खिडकीशी जाऊन आधी बघतो. सगळं सांगतो आज, वैदेहीलाही, नकाशा, सही, पंढरी.

पत्र्याचा आवाज थांबला. ती अजून हाक मारतेय.

उठतोच. एवढं एक वाक्य पुरं करतो आणि