चौदा इंची काळी चाकं

आबा,

आज दुपारी जे कळलं, ते घरात कुणाला कसं सांगावं सुचत नाही. लेक गाडी शिकतेय. तिच्या हाती देण्याआधी ब्रेक सुधारून घ्यावेत म्हणून आठवडाभर मी मोबाईलवर माहिती काढत होते. आपल्या गाडीच्या खालच्या मॉडेलला पुढच्या ब्रेकची डिस्क दोनशे छत्तीस मिलिमीटरची, वरच्या मॉडेलला दोनशे छप्पन्नची. मोठी डिस्क घालायची तर तिला पकडणारं कॅलिपरही मोठं लागतं, आणि त्यावर तेरा इंची चाक बसत नाही. एवढं सगळं वहीत उतरवून मी जळगावच्या गॅरेजात गेले. मिस्तरीने चाक काढलं, माप लावलं, पुन्हा लावलं. म्हणाला, "मॅडम, हिला तर वरच्या मॉडेलचीच डिस्क आहे. कोणी बसवली?" मी वही मिटली.

मला काही वर्षांपूर्वीचं तुमचं देवपूरचं घर आठवलं. ऑइल बदलायला म्हणून मी गाडी दोन दिवस तुमच्याकडे सोडली आहे. आई स्वयंपाकघरातून करवादतेय, "तिसऱ्यांदा कणीक लई ग्यात. पोळ्या गाडी खाई का?" तुम्ही अंगणात उकिडवे बसलात. कणकेची गोळी कॅलिपरवर चिकटवायची, चाक चढवून फिरवायचं, काढून गोळी किती चेपली, म्हणजे मधे किती जागा उरते, ते बघायचं. एसटी डेपोतली सगळी नोकरी तुम्ही अशीच काढलीत. मला मात्र फक्त चाकं दिसली. पगारवाढ झाली तेव्हा हौसेने घातलेली माझी चकचकीत तेरा इंची अलॉय चाकं भिंतीला टेकवलेली, आणि गाडीला कुठल्या तरी भंगारातली चौदा इंची काळी चाकं.

मी काही कमी बोलले नाही. शाळेत काय तोंड दाखवू, म्हटलं, भंगारवाल्याची गाडी केलीत. तुम्ही हात पुसत एवढंच म्हणालात, "पोरी, आते गाडी थांबी." आता गाडी थांबेल म्हणे; मला वाटलं, म्हातारपणाची बडबड. म्हणजे काय केलंत, असा साधा प्रश्न मी विचारला नाही. आणि शाळेत मी विज्ञान शिकवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दिवाळीला आले तेव्हा गाडीला अलॉय परत चढलेली होती. तुम्ही गाडीभोवती एक चक्कर मारलीत, "तुनी गाडी शे," म्हणालात आणि आत गेलात. त्या ब्रेकवर ती चाकं बसूच शकत नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणजे पोरीने आपलं सगळं काम उपटून फेकलं, असंच तुम्ही समजलात. चैत्रात गेलात ते तेच मनात ठेवून. हे मला आज कळतंय, आणि ताटावर बसवत नाहीये.

पण डिस्क होती, आबा. इतकी वर्षं तीच होती. मग मिस्तरीने बॅटरी मारून दाखवलं. कॅलिपरची बाहेरची कड ग्राइंडरने खाल्लेली, मधोमध इतकी पातळ की तिथे चीर गेलीय. "एकदा जोरात ब्रेक दाबला असता तर हे उघडलं असतं. गाडी आता नेऊ नका," तो म्हणाला. मागच्या रविवारी लेक देवपूरहून हायवेने सोनगीरपर्यंत गाडी चालवत गेली होती. मी शेजारी बसून तिला, घाबरू नको, वेग वाढव, म्हणत होते.

"हे घासलं कोणी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "वडिलांनी काय केलं असेल, माहीत नाही." त्याने मान हलवली, जुन्या मिस्तरींचं असंच असतं म्हणाला, आणि मी ते ऐकून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून खरं लिहिते. दिवाळीआधी अलॉय परत चढवायला गेले तेव्हा चाकवाल्याने मला स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, ही चाकं बसत नाहीत, आतलं घासावं लागेल." मी मोबाईलमधून मान वर न काढता म्हटलं होतं, "घासा."