इंदिरानगरच्या जागेची संमती

इंदिरानगर, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

ती. रोहिणीताईस,
सुयशचा शि. सा. न. वि. वि.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. अक्षर लागलं नाही तर दोष तुझाच, शाळेत माझा गृहपाठ तूच करायचीस. शेखररावांची रेल्वेची ड्यूटी कशी चालली आहे? इगतपुरीत कपडे वाळतात का कधी?

आनंदाची बातमी अशी, की द्राक्षांच्या शीतगृहाची यंत्रं बनवणारी एक डच कंपनी नाशिकला ऑफिस उघडते आहे. परदेशी लोकांना इथे कंपनी नोंदवायची तर निदान एक संचालक भारतात राहणारा लागतो. तो मी! कंपनीचं नाव मंजूर झालं, पण ते वीसच दिवस राखून ठेवतात. तेवढ्यात बाकीचे कागद जायला हवेत. ऑफिसचा पत्ता म्हणून मी आपली इंदिरानगरची जागा दिली. त्याला ताजं लाइट बिल आणि मालकाचं संमतीपत्र लागतं. बिल काढलं तर आईच्या नावाचं, जागाही कागदोपत्री अजून आईचीच. वकील म्हणाले, आता मालक दोघं, तू आणि मी. लग्नानंतर तू हक्कसोड केलीस, त्यात सगळं आलं असंच मी धरून चाललो होतो. बहिणीची सही झाली की कागद पुन्हा कोण वाचतं?

२० तारखेला कंपनीचे लोक येताहेत. दोघांच्या सह्या त्यांना समोर हव्या आहेत. जागा माझी एकट्याची, असं मी सांगून बसलो होतो. तू आली नाहीस तर लाज जाईल आणि संचालकपदही. सिन्नरचा एक जण टपूनच आहे. ताई, येशील ना?

लोभ आहेच, तो थोडा वाढवावा.
तुझा सुयश


इगतपुरी
८ ऑगस्ट २०२५

चि. सुयश यास,
अ. उ. आ. सवयीने लिहून गेले, राहू दे.

कपडे वाळत नाहीत. शेखर बरा आहे. दोन वर्षांनी तुला बहीण आठवली, तीही लाइट बिलाने आठवण करून दिली म्हणून.

हक्कसोडीचं म्हणशील तर लग्नाला आठवडा झाला नव्हता, तेव्हा तू बोलावलंस. बौद्धांच्या घरी गेलेल्या बहिणीला बाहेर ओट्यावर बसवून बाबांच्या घरावर आणि शेतावर सही घेतलीस. चहासुद्धा विचारला नाहीस. भाऊ तुटू नये म्हणून मी सही केली. ही जागा त्यात नव्हती, कारण ती आईने शाळेतल्या पगारातून घेतली होती आणि आई जिवंत होती.

आई तीन दिवस दवाखान्यात होती. इथून नाशिक किती लांब आहे रे? मला ती गेल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या सगुणाबाईंनी कळवलं, तोवर अस्थीही सावडून झाल्या होत्या. तेव्हापासून तुझं काहीतरी माझ्या हातात सापडावं म्हणून वाट बघत होते. आता सापडलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटतं आहे.

सही हवी असेल तर त्या तीन दिवसांत आई माझ्याबद्दल काय म्हणाली, ते तुझ्या हाताने लिहून पाठव. काही गाळू नकोस. खरं लिहिलंस तर येईन.

उत्तर आल्यावर लोभाचं बघू.
रोहिणी


इंदिरानगर, नाशिक
१२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न.

तीन कागद फाडले, हा चौथा.

आईने पहिल्या दिवशीच तुला बोलवायला सांगितलं. मी हो म्हणालो आणि बोलावलं नाही. मामा, काका सगळे दवाखान्यात बसलेले. त्यांच्यासमोर शेखररावांना आणायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती दर तासाला विचारायला लागली. दार वाजलं की मान वळवायची. शेवटी मी सांगितलं, की रोहिणीला कळवलं, पण ती येत नाही म्हणाली.

आई रडली नाही. बरं, एवढंच म्हणाली. मग तिने तुझं नाव काढलं नाही.

ताई, मी चुकलो. भेटलीस की पाय धरीन. पण २० तारखेला ये. माझं सगळं त्यावर अडलं आहे.

माया ठेव.
सुयश


इगतपुरी
१६ ऑगस्ट २०२५

सुयश,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, तो विसरून नाही.

खरं लिहिलंस तर येईन म्हणाले होते. तू खरं लिहिलंस. शेखरने रजा काढली होती, मी साडीही काढून ठेवली होती. तुझं पत्र वाचलं आणि साडी परत कपाटात ठेवली. मला वाटत होतं, तू मला आईपासून तोडलंस. तू तर आईलाच सांगितलंस, की मी तिला तोडलं. माझ्यावर रागावून ती गेली असती तरी मी सोसलं असतं. ती बरं म्हणाली. आता जन्मभर मी कोणाला समजावू, की मला कळलंच नव्हतं?

शेखर म्हणतो, सही करून टाक, सूड घेऊन आई परत येणार नाही. तो भला माणूस आहे. मी नाही. मी दिलेला शब्द मोडते आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

२० तारखेला पाहुणे येतील. तू त्यांना बसवशील, चहा देशील. दार वाजलं की मान वळवशील. ते विचारतील, तुमच्या ताई कुठे आहेत? तेव्हा सांग, रोहिणीला कळवलं, पण ती येत नाही म्हणाली.

या वेळी ते खरं असेल.

लोभ होता.
रोहिणी