पहिला लाभार्थी

मोरवा, भाईंदर पश्चिम
९ मार्च

तीर्थस्वरूप महिपतदादा यांच्या पायांशी धाकटा चुलतभाऊ ईश्वर याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

केळशीस आपला गुडघा, आपला दमा आणि आपली गाय या तिघांची खुशाली कळवावी. माझ्या प्रकृतीची चौकशी मात्र उलटटपाली करू नये. आपण प्रेमानेच कराल, पण सध्या ‘तब्येत कशी आहे’ एवढे तीन शब्द कानावर पडले की मला दरदरून घाम फुटतो. असं का, ते सविस्तर लिहितो. फोनवर सांगितलं असतं, पण सूनबाई स्वप्नाली ऐकते, आणि ऐकून हसते.

इथे हाटकेशच्या बाजूला सुज्योत ऊर्जा नावाच्या कंपनीने ऑफिस थाटलं आहे. गॅस विकतात, गच्च्यांवर सौर पाट्या बसवतात आणि नफ्यातला काही भाग आजूबाजूच्या लोकांसाठी खर्च करतात. (तसा नियमच आहे म्हणतात. नियम नसता तर किती केला असता, हा प्रश्न मी विचारणार होतो, पण चहा आला.) त्यांनी शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं, उत्तनच्या मासेवाल्या बायांना बर्फाच्या पेट्या दिल्या, बागेत बाक बसवले. बाकांवर कंपनीचं नाव अशा उठावदार अक्षरांत आहे की बसणारा घरी जाताना ते पाठीवर घेऊन जातो. मग त्यांनी देवळाच्या हॉलमध्ये सभा घेतली आणि विचारलं, तुमच्या भागाला कशाची गरज आहे? कुणी गतिरोधक मागितला, कुणी बॅडमिंटनचं कोर्ट. मला सभेत गप्प बसवत नाही हे तुम्ही जाणता. त्यात मनोरमा गेली तेव्हाची गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. लाकडं ओली निघाली. चिता नुसती धुमसत राहिली आणि आमचा पराग आईच्या उशाशी डोळे चोळत पुन्हा पुन्हा रॉकेल मागत होता. जन्मभर चूल फुंकलेल्या बाईला शेवटीही धूरच मिळाला, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून मी उठून म्हणालो की आमच्या स्मशानात गॅसची दाहिनी बसवा. टाळ्या पडल्या. दादा, नोकरीत माझा साधा बदलीचा अर्ज कधी मंजूर झाला नाही, आणि ही मागणी मात्र महिन्याच्या आत मान्य झाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दाहिनी झाली. चकचकीत आहे, निळी आहे, वर उंच धुराडं आहे. दारावर ‘शुभारंभ सोहळा, आपले सहर्ष स्वागत’ असा फलक लागला, फीत कापली, पेढे वाटले. (स्मशानात पेढे खावेत की खाऊ नयेत यावर दोन तट पडले. पेढे दोन्ही तटांनी संपवले.) त्यानंतर मात्र एकही माणूस तिकडे फिरकेना. म्हणजे माणसं जात होती, आपल्या वेळेवर जात होती, पण घरचे लाकडंच मागत. मशीन चांगलं आहे हो, पण आधी दुसऱ्या कुणाचं होऊन जाऊ दे, असं प्रत्येकाचं म्हणणं. नव्या डॉक्टरकडेही लोक असेच जातात. कंपनीतर्फे ही लोकोपयोगी कामं बघणारा निकेत नावाचा तरुण आहे. पोरगा नम्र आहे, वाकून नमस्कार करतो. एक दिवस तो माझ्याजवळ बाकावर बसून कळवळून म्हणाला, “आजोबा, मार्चएंडच्या आत एक तरी लाभार्थी लागतो. नाहीतर रिपोर्टमध्ये झिरो दिसतो.” लाभार्थी हा शब्द मी आजवर रेशनच्या दुकानात ऐकला होता. तिथे लाभ घेऊन माणूस घरी परत येतो. आणि दादा, एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला.

या वस्तीत सध्या वयाने सर्वांत मोठा मी आहे. एक्याऐंशी पूर्ण. माझ्या आधी दुसऱ्या मजल्यावरचे शांतिभाई होते, पण दाहिनीचा पाया खणला त्याच आठवड्यात ते सुरतेला मुलीकडे राहायला गेले. गुजराती माणूस, त्याला पुढचं दिसतं. तेव्हापासून निकेत दर दोन-चार दिवसांनी येतो. फळांची करंडी आणतो, तब्येत विचारतो. मी ‘उत्तम’ म्हणालो की तो ‘छान, छान’ म्हणतो आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतो. कंपनीने मोफत आरोग्य तपासणी ठेवली, तिथे मला रांग सोडून पहिला घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय तरुणासारखं आहे. निकेत शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा पडला असं मी छातीठोक सांगणार नाही, पण खुलला नाही एवढं नक्की. मग फोटोवाला आला आणि हात जोडून, डोळे मिटून बसा म्हणाला. आणि परवा तर कहर झाला. निकेतने मला भिंतीला टेकून उभं केलं, टेप लावली, खांद्यापाशी मापलं आणि म्हणाला, “बसेल.” मी विचारलं, कशात? तो हसला आणि म्हणाला, सरप्राइज आहे.

माझी पाचावर धारण बसली. संध्याकाळी फिरताना उत्तनचा पीटर भेटला (माझ्याबरोबर कचेरीत होता, आता चर्चच्या कामात असतो), त्याच्यापुढे मन मोकळं केलं. तो म्हणाला, “ईश्वर, आमचं बरं हाय. मातीचा कारभार, त्यात कंपनीला इन्व्हेस्ट करायला काय जागाच न्हाय.” आणि वर निघताना सांभाळून जा म्हणाला. तेव्हापासून मी रस्ता ओलांडत नाही. पलीकडच्या वाण्याकडचं सामान अलीकडच्या महागड्या वाण्याकडून आणवतो. जेवणात मऊ भात. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकतो, कारण गेल्या आठवड्यात गॅलरीत ठसका लागला आणि खालून तिघांनी वर पाहिलं. मला मरणाची भीती वाटते, दादा, हे तुमच्यापाशी लपवत नाही. पण कुणाच्या तरी मार्चएंडसाठी मरायची त्याहून जास्त वाटते.

असो. थोरल्यांकडे आशीर्वाद मागायचा असतो तो ‘औक्षवंत हो’ एवढाच मागतो, आणि तो निदान एक एप्रिलपर्यंत लागू पडेल असा जरा जोर लावून द्यावा.

आपला, अजून तरी,
ईश्वर

ता. क. मुख्य लिहायचं राहिलं. तुम्ही हवापालटाला इकडे या. या महिन्यातच या. केळशीची हवा चांगली आहे हे मान्य, पण चांगल्या हवेचाही माणसाला कंटाळा येतो. स्वप्नाली सुगरण आहे, तळण भरपूर करते. तुम्ही चौऱ्याऐंशीचे, म्हणजे आलात की वस्तीत थोरले तुम्ही. थोरलेपणाचा मान मी आजवर कधी डावलला नाही, आताही डावलणार नाही. निकेतला तुमच्याविषयी सहज बोललो. त्याला फार आनंद झाला.

ता. क. २. वरचं सगळं स्वप्नालीने वाचलं. आधी हसली, मग चिडली. टेप जॅकेटसाठी होती, निकेतने तिला आधीच सांगितलं होतं म्हणे. दाहिनी मी मागितली म्हणून वर्षअखेरीच्या कार्यक्रमात कंपनीचं जॅकेट घालून मी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि डोळे मिटलेला फोटो ‘ज्येष्ठांसाठी योग’ या पुस्तिकेसाठी होता. बाबा, मोठ्या काकांना कशासाठी बोलावताय, तुमची तुम्हाला लाज वाटत नाही का, असंही ती म्हणाली. वाटते. तळणाचं वाक्य खोडलं आहे असं समजावं.

ता. क. ३. हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल दुपारी निकेतचा फोन आला. लाभार्थी मिळाला होता. स्टेशनच्या पुलाखाली बसणारा एक म्हातारा, नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. वारस शोधून कुणी सापडलं नाही, तेव्हा पोलिसांनी आणला. दाहिनी मी मागितली होती, म्हणून मी गेलो. तिथे शेवटी एक हिरवं बटण दाबावं लागतं आणि ते घरच्या माणसाने दाबायचं असतं. घरचं कुणी नव्हतं. निकेत मागे सरला. कंपनीचा फोटोवाला आला होता, त्याने कॅमेरा पिशवीत ठेवला. मग मीच पुढे झालो. काय म्हणून हाक मारावी ते कळेना, म्हणून ‘बाबा, येतो हं’ एवढंच म्हटलं आणि बटण दाबलं. धूर अजिबात झाला नाही.

घरी येऊन फार घाबरलो, दादा. आता पहिलं कोण, याची भीती उरली नाही. पराग मस्कतहून वेळेवर पोचेल न पोचेल, पण स्वप्नाली धीट आहे, बटण ती दाबेल. भीती याची वाटते की त्या वेळी मला ‘ईश्या’ म्हणून हाक मारणारं तिथे कुणी नसेल. तसं म्हणणारी माणसं एकेक करून गेली, आता तुम्हीच राहिलात. तेव्हा औषधं वेळच्या वेळी घ्या, तळण खाऊ नका आणि दमा सांभाळा. जन्मभर प्रत्येक पंगतीत तुम्हाला आधी वाढलं आणि मी मागून बसलो. या एका वेळी मला आधी जाऊ द्या.