पेला एकच होता

चिमे,

घरात आल्यावर तू आधी आरशापुढे उभी राहतेस, म्हणून चिठ्ठी इथेच चिकटवली आहे. तुझा फोन बंद आहे. मी तुला आणायला क्लासकडे निघालो आहे. वाटेत चुकामूक झाली तर हे वाच.

शिकवणीच्या पोरांसाठी पट्टी शोधताना तुझ्या खणात मैत्रिणीचं नाव लिहिलेल्या, मुरुमांवरच्या कॅप्सूल सापडल्या. पाकीट अर्धं रिकामं आहे. डॉक्टरबाईंनी तुला मुरुमांसाठीच दिलेलं अँटिबायोटिक तू नीट घेतेस. वर भरपूर पाणी पितेस, लगेच आडवी होत नाहीस, उन्हात चेहरा झाकतेस. पण आत्ताच त्यांच्याशी बोललो. ही दोन औषधं एकत्र घ्यायचीच नसतात. त्याने डोक्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

आठवडाभर तुझं डोकं दुखतं आहे. काल पाणी पेल्याबाहेर ओतलंस. "लक्ष कुठे आहे?" म्हटलं, तर म्हणालीस, "आजोबा, पेलेच दोन ठेवलेत तुम्ही." मी हसलो. पेला एकच होता.

आणि आज तू स्कूटर घेऊन गेली आहेस.

आता कुठलीच गोळी घेऊ नकोस. डॉक्टरबाईंनी लगेच इस्पितळात बोलावलं आहे, आपण रिक्षाने जाऊ. तुला कोणी रागावणार नाही.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तरीही ओळी दुहेरी दिसल्या, तर जिना उतरू नकोस. दाराची कडी काढून ठेव आणि तिथेच जमिनीवर बसून राहा.

आजोबा