आईचा निळा टाका

रविवार, दिवेलागणीची वेळ

बाबांच्या नडगीवरची जखम आज पुन्हा धुतली. तीन आठवडे झाले, भरत नाही. शुगर आहे, कशी भरणार?

उपासाच्या मोठ्या सणाआधी ते एकटेच आमच्या यहुदी कब्रस्तानात आईच्या कबरीपाशी गेले होते. वाट करवंदीच्या जाळ्यांतली. सणाची पांढरी विजार गुडघ्यापर्यंत वर धरून चालले आणि नडग्या ओरबाडून घेतल्या. का, तर म्हणे पूर्वी आपले एक धर्मपंडित काट्यांतून असेच कपडे उचलून जात. कातडं भरून येतं, कापड येत नाही.

मी चिडलेच. "बाबा, स्वतःच्या अंगाला इजा करू नये, हेही आपलाच धर्म सांगतो ना? आणि त्या पंडितांना शुगर नव्हती!"

"नसेल गो," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

खिडकीतून भाट्याच्या समुद्राची गाज येत होती. बसल्या बसल्या माझाही डोळा लागला. स्वप्नात आईचं शिलाई मशीन त्याच गाजेच्या लयीत चालत होतं, आणि कुणीतरी कपडे वर धरून पाण्यातून लांब लांब जात होतं.

उठून ती सणाची, आज धुऊन वाळलेली विजार घडी करायला घेतली. एक धागाही ओढलेला नाही. कमरपट्टीच्या आत मात्र निळा टाका. ही विजार शिवताना पांढरा दोरा संपला म्हणून आईने घातलेला, तिच्या शेवटच्या वर्षी.

बाबांनी पंडितांचं नाव पुढे केलं. आईचं घेतलं असतं, तर मी चिडले असते का?