अकरा जणांचा श्वास

३ डिसेंबर, परळी वैजनाथ
आलो एकदाचा! विद्यापीठाच्या फुफ्फुस प्रकल्पावर आज संशोधक म्हणून रुजू झालो. केंद्र म्हणजे दोन खोल्या. खाली लोक तपासायचे, वर मी आणि माझा संगणक. काम झकास आहे. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोपची चकती पाठीला लावून माणसाचा वीस सेकंद श्वास रेकॉर्ड करायचा आणि त्याच्या नावाची फाइल करायची. असे हजारो श्वास ऐकवले की यंत्र आपलं आपण शिकतं, निरोगी छाती कोणती आणि बिघडलेली कोणती. प्रकल्पप्रमुख सुंदरराव सर फोनवर म्हणाले, की मार्चनंतर दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. दुसरी ऋतुजा, इथलीच, नर्सिंग झालेली. बिचारी! मी एम.टेक. आहे.

११ डिसेंबर
बिचारी वगैरे काही नाही. आज वस्तीवर तिने चाळीस जणांचे श्वास घेतले आणि मी सहा. मी दिसलो की बाया पदर सावरून आत जातात, मेंढरंवाले मेंढरं घेऊन पुढे सरकतात. तिला मात्र चहा, वर गूळ-शेंगदाणे. ती आधी लेकराबाळांचं विचारते, चकती तळहातावर चोळून गरम करते, मग पाठीला लावते. छबुबाई नावाची म्हातारी माझ्यादेखत तिला म्हणाली, "तूच लाव बाई. त्या सायबाचा हात लई गार हाय." सगळे हसले. मीही हसलो. आतून नुसता जळत होतो.

१८ डिसेंबर
सरांचा मेल आला. ऋतुजाचं कौतुक चार ओळी, माझं अर्धी. शोधनिबंधावर तिचं नाव आधी टाकायचं म्हणे! शेवटी मला सूचना, की तरुण निरोगी लोकांचे श्वास कमी पडताहेत, तेवढे आणा. आणू कुठून? वस्तीवरचे तरणे सगळे ऊसतोडीला गेलेत, मार्चशिवाय परतायचे नाहीत. माझ्याकडच्या घरवार यादीत त्यांची नुसती नावं आणि वयं आहेत.

१९ डिसेंबर
आज येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण. गावंच्या गावं शेतात जेवायला गेली, ऋतुजाही. मला बोलावलं होतं, गेलो नाही. वरची खोली आतून लावली, सदरा काढला, चकती खुर्चीच्या पाठीला चिकटपट्टीने बसवली आणि टेकून बसलो. अकरा वेळा. दर वेळी श्वासाची लय थोडी बदलली. शहादेव, त्याची बायको मंगल, मुंजाजी, नाथा, सत्यभामा... यादीतली अकरा नावं, अकरा निरोगी छात्या. छाती माझीच. कोणाचं काय बिघडणार आहे?

२७ डिसेंबर
यंत्राचे निकाल सुधारले. सर खूश. नाव माझं आधी येणार! ऋतुजाने विचारलं, की हे लोक मला भेटले कधी? म्हटलं, येळवसला घरी आले होते. ऊसतोडीची टोळी सोडून सणाला कोणी येत नाही, मुकादम येऊ देत नाही, एवढंच ती म्हणाली. पण सरांना काही बोलली नाही. तिचा हा चांगुलपणा तर मला अजिबात सहन होत नाही.

४ जानेवारी
सहज शहादेवची फाइल लावली. चौदाव्या सेकंदाला खोकला. मी खोकलो नव्हतो. मंगलच्या फाइलमध्ये बांगड्या वाजतात.

६ जानेवारी
ऋतुजा बातमी घेऊन आली. शहादेव उसाची मोळी उचलता उचलता मटकन खाली बसला. जिवंत आहे, उठतो, चालतो, पण तोंडातून आवाज निघत नाही. मग मंगल. मग नाथा. वेगवेगळे कारखाने, वेगवेगळे फड. तिने मोजून नावं सांगितली. अकरा.

७ जानेवारी
जिना तीनदा पळत चढलो. धाप नाही. नाक-तोंड घट्ट दाबून धरलं, पाच मिनिटं. छाती आपली वरखाली, वरखाली. थांबेना —

८ जानेवारी
फाइली पुसल्या. काही उपयोग नाही. माझ्या आत गर्दी आहे. ऋतुजाला खरं सांगितलं तर कदाचित काही करता येईल. पण मग जागा तिची. निबंध तिचा. नाही सांगणार. बसू दे त्यांना तसंच —

११ जानेवारी
ट्रॅक्टरने ते अकराही जण परत आले. खाली ओळीने बसलेत. ऋतुजाने एकेकाची पाठ ऐकली. छाती हलते, आत आवाज नाही. मग वर आली. न विचारता चकती माझ्या पाठीला लावली. बराच वेळ ऐकत राहिली. पांढरीफटक पडली. "सर, तुमच्यात लई माणसं हायेत."

१२ जानेवारी
ऋतुजा एकेकाला वर पाठवतेय. माझ्या पाठीला पाठ लावून बसतो. माझ्या आतून काहीतरी सरकतं. मग खाली जाऊन बोलायला लागतो. शहादेव खाली गेला, बायकोला हाक मारली त्याने. मंगल गेली. मुंजाजी —

हात जड. लिहितोय. आठ झाले. ऋतुजा धीर देते, की संपत आलं, सर. हिच्यासमोर ही वेळ यावी माझ्यावर! जाऊ दे, त्यांचे अकरा गेले तरी माझा राहीलच —

दहा.

सत्यभामा बसली. अकरावी. पण ते अकराही श्वास माझेच होते — फक्त नावं त्यांची — माझ्या नावाने मी एकही फाइल —

सत्यभामा उठली. खाली हसताहेत सगळे. ऋतुजा शेजारी उभी आहे. केवढा भरभरून श्वास घेते, फुकटचा. अजून जळतो मी तिच्यावर. तिला सांगायचंय, माझ्या नावाने एक, एकच — तोंड उघडलं, पण